महिनाभर गोळी बंद

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काढून टाकली की तिचं काम गोळीकडून करून घ्यावं लागतं, आणि ते जन्मभर. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. सकाळी उठायचं, उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि तासभर चहाला हात लावायचा नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका थायरॉईडची गोळी घेतात. फरक एवढाच, की त्यांची ग्रंथी आळशी आहे आणि माझी नाहीच. त्यांचा टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनचा रक्तातला आकडा, नॉर्मल आला की त्या खूश होतात. माझा नॉर्मल आला तर डॉक्टर नाक मुरडतात. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचा टीएसएच मुद्दाम खाली दाबून ठेवतात, म्हणजे कुठं चार पेशी उरल्या असतील तर त्यांनी पुन्हा डोकं वर काढू नये. हे मी एकदा विचारून घेतलं आणि कामाला लागले.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि ठरल्या दिवशी उघडून किती उगवलं ते मोजायचं, हे माझं काम. त्यामुळं तपासणी, नमुना, रिपोर्ट या शब्दांशी माझं जुनं नातं आहे. रिपोर्ट वाईट आला म्हणून मी कधी रडत बसले नाही. आधी नमुना कुणी काढला ते विचारते.

ऑपरेशन दिवाळीनंतर संभाजीनगरला झालं. गाठ निघाली, बाजूच्या दोन-तीन लसीकाग्रंथी निघाल्या, गळ्यावर आडवा व्रण राहिला. गोळी सुरू झाली. घरात आम्ही तिघं: मी, एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचे हिशेब बघणारे माझे नवरे, आणि सासूबाई, ज्यांना मी लग्न झाल्यापासून आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना पिंपळगाव रेणुकाईहून इथं आणलं. आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "शहरात मला काय काम?" माझी गोळी सुरू झाली आणि त्यांना काम मिळालं. बाटली देवाच्या फळीवर त्यांनीच नेऊन ठेवली. सकाळी मी तोंड धुऊन येईपर्यंत पाण्याचा पेला भरलेला असायचा.

"घेतली का गं गोळी?"

"घेतली, आत्याबाई."

"पाहिलं न्हाई मी."

"आता काय तोंड उघडून दाखवू?"

"दाखव. लहानपणी माझा लेक बी घेतली म्हणायचा आन् मोरीत टाकायचा."

माझे नवरे पेपरच्या आड हसायचे.

आता पुढचं. ऑपरेशननंतर मला रेडिओआयोडीनचा एक डोस घ्यायचा होता. तो प्यायला की उरलेल्या थायरॉईडच्या पेशी जळून जातात. पण तो घेतल्यावर माणूस काही दिवस स्वतःच किरणं सोडत असतो. इस्पितळात वेगळ्या खोलीत राहायचं, मग घरी वेगळं ताट, वेगळे कपडे. आणि गरोदर बाई किंवा तान्हं मूल महिनाभर तरी जवळ नको. हे शेवटचं डोस देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. माझी लेक परभणीला दिली आहे आणि तिला तेव्हा चौथा महिना होता.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काही नसतं. मी तारखा जुळवल्या. डोस चैत्रात, वैशाख संपला की मी मोकळी, ज्येष्ठात लेक घरी, आषाढात बाळंतपण. मधे एक महिना हाताशी राहत होता. मागची खोली मी रिकामी केली. बाज विणून घेतली. माझ्या आणि आत्याबाईंच्या जुन्या सुती साड्या धुऊन, उकळून, दुपट्यांसाठी फाडून ठेवल्या. लेकीला फोनवर सगळं सांगत होते आणि ती म्हणत होती, "आई, तू आजारी आहेस की बाजारात दुकान टाकलंयस?"

डोसाच्या आधी एक अट होती. गोळी चार आठवडे बंद करायची. गोळी बंद झाली की टीएसएच चढतो, तीसच्या वर गेला की पेशी भुकेल्या होतात आणि आयोडीन ओढून घेतात. तीसच्या खाली असेल तर डोस देत नाहीत, दिला तर वाया जातो. शेवटचे पंधरा दिवस आयोडीनचं मीठ बंद, दूधही बंद. मी सैंधव मीठ आणलं, कोऱ्या चहाची तयारी ठेवली, आणि फाल्गुनाच्या शेवटी एका सकाळी आत्याबाईंनी पेला भरून ठेवला तेव्हा म्हटलं, "आता नको. महिनाभर गोळी बंद केलीय."

"कुणी?"

"डॉक्टरांनी."

त्यांनी पेला उचलून आत नेला. मला ऑफिसला उशीर होत होता. मी निघाले.

पहिला आठवडा काही वाटलं नाही. दुसऱ्यात अंगातली वीज कुणी कमी करावी तसं झालं. जालन्याच्या उन्हात लोक पंख्याखाली बसून पदरानं वारा घेत होते आणि मी गोधडी घेऊन बसत होते. तोंड सुजलं, आवाज पुरुषी झाला. ऑफिसात एकच ट्रे तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. बोलताना साधे शब्द सापडेनात. एकदा 'चमचा' आठवेना म्हणून मी नवऱ्याला हातानं ढवळून दाखवलं.

"आता कळलं, आधी तू किती बोलायचीस," ते म्हणाले. नंतर त्यांनी गुपचूप दोन दिवस रजा टाकली.

आत्याबाई माझ्याकडं बघत राहायच्या. पायावरची सूज बोटानं दाबून बघायच्या. सकाळचा कोरा गुळाचा चहा त्यांनी स्वतःकडं घेतला. "तू उठू नको. मी आणून देते," म्हणायच्या. चहा कडवट असायचा. त्या म्हणायच्या, सुंठ जास्त पडली. मी पिऊन टाकायची.

तिसऱ्या आठवड्यात मला जरा बरं वाटायला लागलं. चौथ्यात तर मी गोधडी धुऊन वाळत घातली. शरीराला सवय होते, असा मी निष्कर्ष काढला आणि लेकीला फोनवर ऐकवलाही: "लोक उगाच घाबरवतात गं. मला तर काही झालं नाही."

महिना भरल्यावर नवीन जालन्यातच रक्त दिलं. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. टीएसएच तीस नाही, वीस नाही, तीनच्या आसपास. मी माझ्या सवयीनं विचार केला: नमुना बदलला असणार. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथंही तेच.

संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून चार वर्षांनी मोठ्या असतील. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा वर केला.

"काकू, गोळी बंद केलीच नाही तुम्ही."

"केलीय."

"एखाद वेळी चुकून घेतली असेल."

"मी चुकून काही घेत नाही."

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "काका, घरात औषधपाणी कोण बघतं?"

"हीच. माझीसुद्धा बीपीची गोळी हीच मोजून देते. ही म्हणते घेतली नाही, तर घेतली नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी माझी एवढी बाजू पहिल्यांदाच घेतली होती, आणि तीही चुकीच्या जागी, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हार्मोन अंगात आहे, हे नक्की. बाहेरून येत नसेल तर आतून येतंय. म्हणजे कुठंतरी थायरॉईडच्या पेशी बऱ्याच शिल्लक आहेत. पुढचे फोटो काढावे लागतील. तोवर डोसाची तारीख मी दुसऱ्याला देते."

बऱ्याच शिल्लक म्हणजे पसरलाय. हे त्या बोलल्या नाहीत, बोलायची गरज नव्हती. परतताना बदनापूरला नवऱ्यानं गाडी थांबवली, दोन चहा सांगितले, आणि दोघांनीही ते तसेच ठेवले.

घरी आत्याबाई दारातच होत्या. "काय म्हणली डाक्टरीण?"

मी आत जाऊन बसले. नवऱ्यानं चपला काढता काढता सांगितलं, "आई, हिच्या रक्तात गोळी दिसून राह्यली. ही तर घेत न्हाई. डॉक्टर म्हणतात, मंग आजार दुसरीकडं गेला असंल."

आत्याबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "कुठं गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी देत होते."

"काय देत होता?" मी आतून विचारलं.

"गोळी. खलून. चहात."

बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागं घेत होता, त्याचा तो रेकणारा आवाज तेवढा येत राहिला.

"कधीपासून?"

"तू उन्हाळ्याची गोधडी घेऊन बसलीस ना, तवापासून. रोज न्हाई जमलं. एक दिसाआड."

"आत्याबाई, डॉक्टरांनी बंद केली होती!"

"यांची बी डाक्टरांनीच बंद केल्ती." यांची म्हणजे सासऱ्यांची. "घरी न्या म्हणले, आता गोळ्या-बिळ्या काही देऊ नका, त्यांना जे खावं वाटंल ते द्या. म्या ऐकलं. एक गोळी दिली न्हाई. आठ दिसात गेले. मंग तू म्हणलीस, महिनाभर बंद. त्याच्यापुढं काही बोलली न्हाईस. मला वाटलं, हिचा बी महिनाच राह्यला. मला कोण सांगतं? त्यांच्या टायमाला बी कुणी सांगितलं न्हाई. मीच एकटी ताप आहे, ताप आहे करत बसले."

त्या सगळ्यात बरोबरच होत्या, हे मला त्याच क्षणी दिसलं. सासऱ्यांच्या वेळी आम्ही त्यांना खरंच सांगितलं नव्हतं. पण समोर दिसतं म्हणून माणूस तसं वागतोच असं नाही. पोटातली भीती निघून गेली होती आणि तिची जागा रागानं घेतली होती. आजार पसरलेला नव्हता, मी मरणार नव्हते, आणि मी ओरडत होते.

"तुमच्या चहापायी माझी तारीख गेली! पोरीचं बाळंतपण गेलं!"

"जीव तर ऱ्हायला ना?"

"जीव जातच नव्हता!"

"ते तुला ठाव होतं. मला न्हाई."

"एक शब्द विचारायचा होता ना. तुम्हाला काय कळतं म्हणून तुम्ही औषधात हात घातला?"

नवरे म्हणाले, "बस कर आता." मी बस केलं. पण ते वाक्य तिथंच राहिलं. आत्याबाई उठल्या, देवाच्या फळीवरची बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. "काकू, आजींना माझा नमस्कार सांगा. इतकी चांगली बातमी मला आज दुसरी मिळाली नाही." बातमी चांगलीच होती. नमस्कार मी सांगितला नाही.

नवी तारीख ज्येष्ठाच्या शेवटी मिळाली. किरणांच्या खोल्या मोजक्याच, रांग लांब. त्याआधी परत चार आठवडे गोळी बंद, म्हणजे परत ती सूज, परत ती गोधडी. आणि डोसानंतरचा महिना नेमका आषाढाचा. मी विचारलं, बाळंतपण उरकून श्रावणात घेतला तर? डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या आता. "तुमच्या लसीकाग्रंथींत आजार सापडला होता. आधीच उशीर झालाय. मी आणखी थांबणार नाही."

लेक म्हणाली, "मी येते तरीही. तू वरच्या खोलीत राहा, मी खाली राहीन. आजी आहेच."

यावर तिच्या सासूबाईंनी फोन हातात घेतला. "ताई, राग मानू नका. आई वर, लेक खाली, मधे जिना. असलं कसलं माहेर? आणि ती किरणं जिना उतरत नाहीत हे कुणी सांगितलं? राहू द्या तिला इथंच. मला कुठं लेक आहे, सुनेचंच करीन की."

त्यांनी चुकीचं काही म्हटलं नव्हतं. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवण्याआधी लेक हळूच बोलली, "आई, आजीला काही बोलू नकोस हं." मी म्हटलं, "छे."

दुसऱ्यांदा गोळी बंद केली तेव्हा घरात कुणी माझ्या पायावरची सूज दाबून बघितली नाही. चहा मी माझा करत होते. आत्याबाई दुपारी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसत. महिना भरला, टीएसएच ऐंशीच्या पुढं गेला. डोस ठरल्या दिवशी झाला. खोलीत दार लावून, जाडजूड डब्यातून काढलेलं ते औषध नळीनं ओढलं. त्याला चव अशी काही नव्हती. चौथ्या दिवशी घरी आले आणि वरच्या खोलीत राहिले. ताट वेगळं, बादली वेगळी. गोळी पुन्हा सुरू झाली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माझे शब्द परत आले.

नात झाली ती आषाढात, परभणीच्या दवाखान्यात. नवरे आत्याबाईंना घेऊन गेले. जाताना त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू आणि फाडून ठेवलेली दुपटी दिली. लाडू आत्याबाईंनी केले होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघत होते. त्या वर न बघता म्हणाल्या, "काही सांगायचंय का पोरीला?" मला खूप काही सांगायचं होतं. मी म्हटलं, "पाणी कोमट पी म्हणावं."

बारसं मी फोनवर बघितलं. ज्याच्या हातात फोन होता त्यानं बराच वेळ छत दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी मोकळं केल्यावर मी रेल्वेनं परभणीला गेले. श्रावण अर्धा सरला होता. विहीणबाईंनी दारात पायावर पाणी घातलं, आत नेलं, नात माझ्या हातात दिली. "मान धरा हं, ताई. अजून धरत नाही ती." मी माझी एक आणि जावांची चार पोरं अंगाखांद्यावर वाढवली आहेत. मी मान धरली. नात माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिनं ओठ काढले आणि रडायला लागली. मी खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, आमच्या घरात पोरांना थोपटतात तशी, खालून वर. ती आणखी रडली.

लेकीनं तिला घेतलं. "अगं, उभी नको धरूस. आमच्याकडं आडवं घेतात, पायावर. बघ." आणि पायावर घेऊन तिनं गुडघे हलवले. नात गप्प झाली. लेक कौतुकानं माझ्याकडं बघत होती. "आमच्याकडं" म्हणताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत ती हा शब्द आमच्या घरासाठी वापरायची.

मी दोन दिवस राहिले. अंघोळ विहीणबाई घालत, तेल त्याच लावत, धुरी त्याच देत. मी टॉवेल घेऊन उभी राहायची. सगळं नीट चाललं होतं. कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तेच मला जड जात होतं. बाळंतपण एकदाच पहिलं असतं. माझा टीएसएच आता हवा तितका खाली आहे, दर सहा महिन्यांनी रक्त देते, कॅन्सरची खूण दाखवणारा दुसरा आकडाही शून्याजवळ आहे. हे सगळं मिळालं. ते एक मिळालं नाही, आणि त्याची दुरुस्ती करता येईल अशी कुठली तारीख कुणाकडं नाही.

घरी आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पिशवी ठेवून त्यांच्याजवळ बसले आणि एक मूठ शेंगा ओढून घेतल्या. वैशाखापासून आम्ही अशा शेजारी बसलो नव्हतो.

माझी मूठ सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नातीला घेतलंस?"

"घेतलं."

"तुझ्याकडं आली का? रडली तर न्हाई?"

त्यांचे हात थांबले होते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, शेंगांकडंच बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "लगेच आली."